पळीला पेलणारा दोर

रेशमी दोर कुजला तरी वरून कळत नाही. चमक तशीच राहते, पीळही तसाच दिसतो. दोन्ही हातांत धरून हिसका दिला की फटदिशी तुटतो आणि टोकातून भुशासारखी धूळ उडते. माझ्या नवऱ्याला मिळालेल्या गळाच्या फिरकीवर असाच दोर होता आणि तो मीच त्याला तोडून दाखवला. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी इचलकरंजीची. माहेरी माग होते. वडील मागावर बसायचे, आई कांड्या भरायची, आणि आम्ही बहिणी सुताच्या गुंड्यांतच लहानाच्या मोठ्या झालो. लग्न होऊन मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले. नवरा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होता, ऑइल इंजिनाचे भाग लेथवर घडवायचा. तोंडावर मी त्याला अवोजावोच करायची. पण लिहिताना नवराच म्हणते, त्याशिवाय मला त्याच्याबद्दल सरळ लिहिता येणार नाही. घरात आणखी दोघी होत्या. एक सासू, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. दुसरी लग्नाची नणंद, म्हणजे आमच्या वन्सं. सासरे मी यायच्या आधीच गेले होते.

संस्थान विलीन झालं तेव्हा साहेबांच्या बंगल्यांतल्या बऱ्याच चीजवस्तू लिलावात निघाल्या. कारखान्याच्या मालकांनी हौसेनं एक पेटी घेतली होती. तिच्यात तीन तुकड्यांत जोडायची गळाची काठी, तिच्यावरचा दोर गुंडाळायची पितळी फिरकी आणि आमिषाचे, हाताच्या पंजाएवढे रंगवलेले लाकडी मासे होते. फिरकी अडकायची म्हणून मालकांनी ती दुरुस्तीला नवऱ्याकडं दिली. दुरुस्त होईतो मालकांची हौस फिटली. "राहू दे की तुझ्याकडंच," म्हणाले, आणि ती पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून आमच्या घरी आली.

नवऱ्याला तोवर कसलाही नाद नव्हता. तालमीत जायचा नाही, तंबाखू खायचा नाही, कुस्त्या बघायलासुद्धा जायचा नाही. ती पेटी आल्यावर मात्र सुट्टीच्या दिवशी हा घरात दिसेना. भोगावतीच्या काठाला शहरापासून बरंच वर एक डोह होता. दोन्ही अंगांना काळा खडक आणि मधे पाणी इतकं खोल की हिरवं दिसायचं. त्या डोहात खडस मासा होता. खडस म्हणजे जाड खवल्यांचा, मांसल ओठांचा, तळहातानं झाकणार नाही एवढ्या डोक्याचा मासा. तो तळाशी राहतो, आणि वरून वाहतं पाणी असतं. हलकं आमिष टाकलं तर पाणीच ते ओढून नेतं. लाकडी मासे पहिल्याच काही दिवसांत खडकांत अडकून गेले, आणि मग नवरा स्वतःच आमिष घडवायला लागला.

कारखान्यातल्या पितळेच्या टाकाऊ तुकड्यांतून त्यानं एक लांबट, खोलगट पान ठोकून काढलं, त्याला घासून लखलखीत केलं आणि बुडाशी तीन नख्यांचा गळ लावला. पाण्यात ओढलं की ते पान लटपटत, चमकत चालायचं आणि मोठ्या माशाला वाटायचं की जखमी मासोळी चाललीय. साहेब लोक त्याला चमचा म्हणत. आमच्या घरात त्याचं नाव पळी पडलं, कारण ते देवघरातल्या पळीसारखं दिसायचं. आत्याबाईंना हे नाव अजिबात आवडायचं नाही.

"देवाच्या भांड्याचं नाव त्या गळाला? आणि एवढं पितळ वाया घालवतोयस, घरात परात तरी झाली असती," त्या म्हणायच्या.

पहिली पळी हलकी झाली. दुसरी जड. तिसरी त्याहून जड. हातात घेतली की मनगटाला कळायची. आता एवढं वजन फेकायचं, खोल पाण्यातून ओढायचं, आणि त्याला खडस लागला तर त्यालाही आवरायचं. त्या सगळ्याला पेलेल असा दोर पाहिजे होता. रेशमी दोर तर मी तोडूनच दाखवला होता.

"मग तूच कर की," नवरा म्हणाला. "मागावरची पोरगी हायस."

लग्नानंतर त्यानं मला काही मागितलं असेल तर हे पहिलं. मी माहेराहून चांगलं लांब धाग्याचं सूत आणवलं. परसात दोन खुंट्या मारल्या, एका टोकाला तो उभा राहायचा, दुसऱ्या टोकाला मी. तो पीळ भरायचा, मी पदर एकमेकांत नीट बसतायत का बघत जायची. ओढून धरलेल्या दोरावरून जवसाच्या तेलाचं फडकं फिरवायची आणि दोर वाळत घालायची. एवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांशी दुसऱ्या कुठल्या कामात बोललो नसू. वन्सं दारात बसून हसायच्या. "वैनी, दादानं तुला फिरकीला जुंपली की गं," म्हणायच्या.

सुताचा दोर मजबूत होता, पण जाड. पाणी प्यायला की आणखी जड व्हायचा आणि पळी मनासारखी लांब जायची नाही. खडस डोहाच्या पलीकडच्या अंगाला, कड्याखाली असायचे. पळी निम्म्यातच पडायची. बारीक पिळला तर लांब जायचा, पण खडकाला घासून तुटायचा. एका सुट्टीला नवरा परत आला तो हाताला फडकं गुंडाळून. मोठा खडस लागला होता. दोर फिरकीवरून सुटायला लागला तसा यानं हातानं धरायला बघितला आणि दोरानं बोटं कापली. मग कड्याला घासून दोर तुटला. मासा गेला, पळीही गेली.

जेवताना तो एकच वाक्य बोलला. "दोर बारीकबी पाहिजे आणि दमदारबी पाहिजे."

"असला दोर ब्रह्मदेवाकडं मिळंल," आत्याबाई म्हणाल्या.

तो मुंबईहून आला. नवऱ्याच्या ओळखीचा एकजण तिकडं गिरणीत होता, त्याच्या हातून नायलॉनची दोन रिळं आली. पुढं सगळेच त्याला तंगूस म्हणायला लागले, तेव्हा आम्ही नायलॉनच म्हणायचो. मी असला धागा जन्मात बघितला नव्हता. त्याला पीळ नाही, पदर नाही, कुठं गाठ नाही. उजेडात धरला की दिसतच नव्हता. मी तो गालावरून फिरवून बघितला. माझ्या बापानं आयुष्यभर सूत हाताळलं, त्याला हा दाखवावा असं मला वाटलं.

एक रीळ जाड होतं, एक बारीक. जाड नायलॉन तारेसारखं ताठ. फिरकीवर भरायला घेतलं की वेटोळी उसळून बाहेर यायची, नवऱ्याच्या कोपरापर्यंत गुंता व्हायचा. बारीक मात्र गुमान बसलं, जशी काही फिरकी त्याच्यासाठीच केली होती. कुठलं घ्यायचं हे ठरवायला आम्ही परसातल्या पडवीच्या आढ्याला दोन्ही बांधून बघितली. आधी तांब्या लटकवला, मग पाण्यानं भरलेली कळशी, मग फडक्यात बांधलेला वरवंटा. बारीक दोर ताणला गेला, थोडा लांबला, पण तुटला नाही. वरवंटा अख्खी दुपार तसाच लोंबत होता. आत्याबाई म्हणाल्या, "आता चटणी कशावर वाटू, दोरावर?"

"हेच," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा त्या दिवशी असा दिसत होता की मला तो नव्यानं बघितल्यासारखा वाटला.

मला तो डोह बघायचा होता. एरवी घरातून बाईमाणसानं नदीकाठी असं जाणं शक्य नव्हतं, पण आत्याबाई वन्संना घेऊन बहिणीकडं मुरगूडला गेल्या होत्या. थंडीचे दिवस होते. मी भाकरी आणि पिठलं बांधून घेतलं आणि सायकलवर पुढं दांडीवर बसले. गावातून जाताना लाज वाटली म्हणून पदर तोंडावर घेतला होता. शेतांतून गुऱ्हाळाचा धूर येत होता. लग्नानंतर दोघंच असं कुठं गेलो तर ते तेव्हाच.

डोह त्यानं सांगितला होता तसाच होता. तो एका सपाट खडकावर उभा राहिला. मी त्याच्या डाव्या अंगाला, थोडी खाली आणि थोडी पुढं, पाण्याशी बसले. तिथं ऊन होतं. त्यानं काठी जोडली, पळी बांधली, गाठ दातानं घट्ट केली. सुताला बांधायचा तीच गाठ. दुसरी गाठ असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पहिली फेक मी कधी विसरणार नाही. पळी त्याच्या उजव्या खांद्याकडून आली, उन्हात एकदा चमकली आणि पाण्यावरून जी गेली ती पार पलीकडच्या कड्याखाली. दोर दिसतच नव्हता. नुसती पळी हवेतून उडत गेल्यासारखी वाटली.

"बघिटलीस?" तो ओरडला. "बघिटलीस का न्हाय?"

"बघिटली की," मी म्हणाले.

तो हसत होता. पुन्हा फेकली, पुन्हा तशीच गेली. मग त्याला वाटलं, आणखी जोर लावला तर कड्याच्या अगदी पोटात, जिथं पाणी काळं दिसत होतं तिथं पडेल. त्यानं पाय रोवले आणि सगळं अंग वळवून काठी फिरवली. फिरकीवर दोराचा गुंता झाला. फिरकी जागच्या जागी थांबली आणि हिसक्यानं दोर तुटला. हे सगळं त्यानं मला मागाहून सांगितलं. मी त्याच्याकडं बघत होते, आणि मला फक्त काठी वाकलेली दिसली आणि काहीतरी चमकलेलं.

दुखलं नाही आधी. कोणीतरी तोंडावर दरवाजा आपटावा तसं झालं. मग गरम गरम गालावरून खाली आलं, आणि मी हात लावला तर हाताला पितळ लागलं.

तो खडकावरून उडी मारून आला. माझं डोकं त्यानं मांडीवर घेतलं, गळाच्या नख्या कशा काढायच्या ते बघितलं. लेथवर केसाएवढी चूक न करणाऱ्या त्या हातांना ते जमेना. शेवटी त्यानं पळी तशीच ठेवून माझं सगळं तोंड स्वतःच्या पटक्यानं गुंडाळलं.

सायकलवर बसणं मला जमेना. त्यानं मला उचलून वाटेपर्यंत आणलं. गुऱ्हाळाकडं ऊस टाकून रिकामी येणारी एक बैलगाडी होती. गाडीवान म्हाताराच होता. त्यानं खाली उतरून माझ्याकडं बघितलं.

"काय झालं वो पावणं?"

मी गाडीत आडवी होते, शुद्धीत होते. नवऱ्यानं माझ्या तोंडावरचा पटका नीट केला. मग तो म्हणाला, "खडकावरनं पडली."

ते खोटं मी ऐकलं. त्या वेळी मला त्याचं काहीही वाटलं नाही. मला एवढंच वाटत होतं की गाडी हलू नये.

दवाखान्यात डोळा काढावा लागला. राहिला तर दुसराही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं अंगठा नाही, सही केली आणि बाहेर जाऊन बसला. मला गुंगीतून जाग आली तेव्हा एक नर्स पट्टी बदलत होती. डॉक्टर मागाहून आले, नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि खाटेशी स्टूल ओढून बसले.

"बाई, ही जखम पडल्याची नाही," ते म्हणाले. "तुमच्या पापणीत गळ रुतलेला होता. घरात कोणी मारहाण करतं का? मला सांगा, मी ती गोष्ट इथनं बाहेर जाऊ देणार नाही."

माझ्या डोळ्यांसमोर पोलीस आला. नवऱ्याला नेतायत, कारखाना सुटलाय, आत्याबाई ऊर बडवतायत, असं सगळं दिसलं. "पडले मी," मी सांगितलं. "खाली गळ पडलेला होता, त्याच्यावर पडले."

ते उठून गेले. त्यांना ते पटलं नव्हतं हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

घरी आले तेव्हा आत्याबाई मुरगूडहून आलेल्या होत्या. त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि आत आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या, "बाईच्या जातीनं नदीला कशाला जायचं?" तेच वाक्य पुढं गल्लीनं धरलं. भाजीवाली म्हणाली, शेजारीण म्हणाली, माझी स्वतःची आई म्हणाली. मी पडले, कारण मी गेले. नवरा ऐकायचा आणि गप्प बसायचा. पेटी त्यानं माळ्यावर टाकली. कारखान्यात जादा पाळ्या मागून घ्यायला लागला. घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. जेवताना ताटाकडं बघायचा.

एक डोळा गेला की नुसतं निम्मं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जवळ काय आणि लांब काय हेच कळत नाही. मी पाणी ओतायची ते भांड्याच्या बाहेर पडायचं. चुलीतलं लाकूड पुढं सारायला गेले की हात निखाऱ्याला लागायचा. आणि सुई. सुईत दोरा घालायला बसले की दोरा नेढ्याच्या अलीकडं नाहीतर पलीकडं. मी इचलकरंजीची पोरगी, झोपेतसुद्धा सुई ओवली असती. एकदा बसून बसून शेवटी मी सुई जमिनीवर फेकली आणि रडले. वन्संनी ती शोधली, ओवली आणि माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी सुया ओवून खिळ्याला अडकवून ठेवायच्या. त्या घरात माझ्यावर कोणी माया केली असेल तर वन्संनी.

म्हणून पुढं जे झालं ते त्यांच्या वाट्याला यायला नको होतं.

वन्संना कुरुंदवाडचं स्थळ आलं. शेती चांगली, मुलगा शिकलेला. मुलाचे वडील, चुलते आणि आत्या बघायला यायची होती. आदल्या दिवशी आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू उद्या आतच ऱ्हा. शुभ काम हाय. एक दिवसाचा परश्न."

मी बरं म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही बाहेर यायचं नव्हतं.

पाव्हणे आले. मी चुलीपाशी पोहे करत होते आणि दाराच्या फटीतून आवाज ऐकत होते. वन्सं त्यांना आवडल्या होत्या हे बोलण्यावरूनच कळत होतं. मुलाच्या आत्यानं विचारलं, "आणि सून कुठं हाय तुमची?"

"म्हायेरी गेलीया," आत्याबाई म्हणाल्या.

मग नवऱ्याचा आवाज आला. "म्हायेरी न्हाय. आत हाय. अगं, ये भाईर."

मी हातातली उलथणी घेऊन तशीच उभी राहिले. त्यानं परत हाक मारली. मी पदर डाव्या बाजूनं पुढं ओढला आणि पोह्यांचं ताट घेऊन बाहेर गेले. ताट ठेवताना अंदाज चुकला आणि पाटावर आपटलं. मुलाच्या आत्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"अगं बाई. डोळ्याला काय झालं हो?"

"पडली," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "खडकावरनं पडली, काय करायचं."

"पडली न्हाय," नवरा म्हणाला. तो उभा राहिला होता. "माझ्या हातनं गेला तिचा डोळा. मी केलंय हे."

मग तो सांगायला लागला. पळी, दोर, नायलॉन, फिरकीचा गुंता. इतके महिने जो माणूस ताटाकडं बघून जेवत होता तो भडाभडा बोलत होता, आणि त्याला नीट सांगता येत नव्हतं. पाव्हण्यांनी कधी असला गळ बघितला नव्हता. त्यांना पळी म्हणजे देवघरातली पळी. मुलाच्या चुलत्यानं मधेच विचारलं, "म्हंजे पळी फेकून मारलासा?"

"मारली न्हाय वो. सुटली. दोर तुटला."

"दोर," चुलते म्हणाले, आणि मुलाच्या वडिलांकडं बघितलं.

मी म्हणाले, "मामा, खरंच चुकून झालं. मासं धरताना झालं." पण मी ते म्हणाले तेव्हा मुलाच्या आत्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला पुढं बोलवेना. तिला सगळं कळलं होतं असं तिला वाटत होतं. नवरा डोळा फोडतो आणि बायको त्याला सांभाळून घेते. असल्या बायका तिनं खूप बघितल्या असतील.

पोहे तसेच राहिले. काही दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. निरोप आणणाऱ्यानं खरं कारणही सांगितलं. ज्या घरात बाईचा डोळा फोडतात त्या घरातली पोरगी काय वळणाची असणार, असं ते बोलले होते.

आत्याबाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा त्या उंबऱ्यावरच बसल्या होत्या.

"बरं चाललं हुतं की खोटं," त्या म्हणाल्या. "कुणाचं काय अडलं हुतं? आता घाल आगीत सगळ्यांना."

तो परसात जाऊन बसला. मी पाणी घेऊन गेले. "कशाला सांगितलासा?" मी विचारलं. माझा आवाज चढला. लग्नानंतर मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "इतके दिवस न्हाय सांगितलं, आणि वन्संच्या वेळेलाच सुचलं?"

"तुला लपवून ठेवली हुती," तो म्हणाला. "जित्या माणसाला आत ठेवून आई म्हायेरी गेलीया म्हणत हुती. मला ऐकवंना."

"मी ऐकत हुते की. मला ऐकवत हुतं."

त्यानं मान वर केली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं. जिथं डोळा नव्हता तिथंच बघितलं, हटला नाही. मग हुंदके देऊन रडला. मी त्याच्याशेजारी बसले. मला त्याचा राग होता आणि तो राग त्या संध्याकाळी गेला नाही, पण मी उठलेही नाही.

बातमी गल्लीत आली, गल्लीतून कारखान्यात गेली. कोणी तोंडावर म्हणत नव्हतं. नवीन आलेली पोरं त्याला बघून कुजबुजायची. मी शेजारणींना बसवून सगळं समजावून सांगायची, आणि त्या मान हलवायच्या आणि माझ्या हातावर हात ठेवायच्या. जितकं मी सांगावं तितकी त्यांची खात्री पटायची.

वन्संचं लग्न पुढं मुरगूडच्या एका बिजवराशी झालं. माणूस वाईट नव्हता, पण वयानं बराच मोठा होता. पाठवणीच्या वेळी त्या आईच्या गळ्यात पडल्या, माझ्या गळ्यात पडल्या, आणि भावाच्या पाया न पडता गाडीत बसल्या. नंतर कितीतरी वर्षं त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. मला भेटल्या की आधी विचारायच्या, "सुया कोण ओवतं गं आता?"

नवराच ओवायचा. सकाळी कामावर जायच्या आधी.

मिरजेला जाऊन काचेचा डोळा बसवून घेतला, त्यालाही बराच काळ लोटला होता. एका सुट्टीला मी दळण घेऊन आले तर परसात ती पेटी उघडी. नवऱ्यानं आढ्याला बारीक नायलॉन बांधलं होतं आणि टोकाला वरवंटा. मला बघून तो दचकला, पण थांबला नाही. वरवंटा लटकत होता, दोर शाबूत. मग त्यानं वरवंटा हातभर वर उचलला आणि सोडून दिला. दोर कट्‌दिशी तुटला. वरवंटा फरशीवर पडला आणि कपचा उडाला. त्यानं जाड नायलॉन बांधलं, वरवंटा तसाच उचलून सोडला. वरवंटा हेलकावला, पण राहिला.

"लटकवून बघिटलं आपण," तो म्हणाला. "हिसका देऊन बघिटलंच न्हाय. वजन गुमान लोंबतंय तवा दोर पेलतो. फेकताना गुमान कुठं असतंय?"

मी तुटलेलं टोक उचलून बघितलं. सुताचं तुटलेलं टोक पिंजलेलं असतं. हे साफ होतं, चाकूनं कापावं तसं.

"आणि गाठ," तो म्हणाला. "सुताची गाठ ह्याला न्हाय चालत. सरकती, न्हायतर स्वतःलाच कापती. जास्त येढं घ्यायचं, थुंकी लावून ओली करायची, मग हळू आवळायची." तो बोलता बोलता गाठ मारत होता. त्यानं हे सगळं कधी शिकून घेतलं, कोणाला विचारलं, मी विचारलं नाही.

"जाणार हायसा का?" मी म्हणाले.

"न्हाय."

"मग कशाला करायलायसा?"

त्यालाही ते ठाऊक नव्हतं. मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. सुट्टीच्या दिवशी तो भिंतीला टेकून दिवसभर बसायचा आणि मी त्याला बघत बसायची, आणि ते मला त्या डोहापेक्षा जड झालं होतं. मी कोमट पाण्याची बादली आणली आणि जाड नायलॉनचं रीळ तिच्यात बुडवलं. माहेरी ताठ सूत आम्ही असंच मऊ करायचो. बराच वेळानं काढून फिरकीवर भरलं तर वेटोळी उसळायची बरीच कमी झाली होती.

"पुढच्या सुट्टीला जावा," मी म्हणाले. "मी येणार न्हाय. आणि आसपास कुणी असलं तर फेकायची न्हाय."

तो गेला. जाड दोरानं पळी लांब जात नव्हती. कड्याखाली पडत नव्हतीच. दोन-तीन सुट्ट्या रिकामा आला. मग एकदा एक खडस घेऊन आला, फार मोठा नव्हता. आत्याबाई तोवर थकल्या होत्या, तरी त्यांनी स्वतः उठून कालवण केलं. आम्ही तिघं जेवायला बसलो. नवरा माझ्या ताटाकडं बघत होता, मी खातेय का नाही. मी खाल्लं. चव चांगली होती. काटे काढायला मला वेळ लागतो, म्हणून त्यानं माझ्या वाटणीचे काढून दिले.

त्यानंतर तो जायचा, पण पहिल्यासारखा नाही. वर धरण झालं, नदीचं पाणी बदललं, डोहात खडस मिळेनासे झाले, तसा नाद आपोआप सुटला. त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी वेडंवाकडं बोलला नाही. पण पेठेत तो बायकोचा डोळा फोडलेला माणूसच राहिला. नवीन बिऱ्हाड आलं की कोणीतरी त्यांना सांगायचंच.

तो गेला तेव्हा आम्ही दोघंही उतारवयात आलो होतो. दहाव्याच्या आधी बायका भेटायला येत होत्या. मी भिंतीशी बसले होते. वन्सं मुरगूडहून आल्या होत्या, माझ्या शेजारी पाय पसरून बसल्या होत्या. दोघी बायका दाराजवळ होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, आणि तिला वाटलं मला ऐकू येत नाही, "डोळा फोडला तिचा, तरी रडतीया बघ."

वन्सं झटक्यात उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मग त्या बाईला जवळ बोलावलं, बस म्हटलं, आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. रेशमी दोर कसा कुजला होता, सुताचा दोर मी कसा केला, नायलॉनची दोन रिळं कशी आली, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यातलं बारीक का निवडलं. ती ऐकत होती. अधूनमधून मान हलवत होती. वन्संनी तिला चहा आणून दिला. तो तिनं घेतला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "व्हय व्हय बाई, आता गेल्या माणसाबद्दल वाईट कशाला बोलायचं."